पाच आत, एक बाहेर

बुधवार, ४ मार्च

प्रिय छोटे,

तुझं पत्र मिळालं. इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे ठीक म्हणायचं तेवढे. मुंगीचे बाबा दुकानात दिवसभर लोकांना चष्मे लावून देतात आणि घरी आले की स्वतःचा शोधत फिरतात. माझा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुर ही आमच्या घरात काही बातमी नाही. तुझी तब्येत, तुझी ती खिडकीतली झाडं, सगळं झकास असेल असं धरून चालते.

मुंगीची दहावीची परीक्षा सुरू आहे. गणिताचा पेपर झाला. कसा गेला विचारलं, तर म्हणते, "गेला." आम्हा मायलेकींमध्ये हल्ली एवढंच बोलणं चालतं.

तू लिहिलं आहेस की सुट्टीचे दोन महिने मुंगीला माझ्याकडे पाठव, अकरावीच्या गणिताची तयारी करून घेते. अगं, कल्पना छानच आहे. पण कसं आहे ना, एक तर तिला प्रवासात मळमळतं. त्यात तुझ्याकडे एकच खोली, आणि त्या खोलीत तुझा तो कॅमेरा, ते दिवे, तो फळा. पोर झोपणार कुठे, तिपाईवर? शिवाय माझ्या क्लासला ती मदत करते, लहान मुलांचे पाढे घेते. आणि खरं सांगू का, गणित शिकायला तिला दुसऱ्या गावी जायची गरजच काय? घराच्या पुढच्या खोलीत गणिताचा क्लास आहे. तिची आई घेते. कित्येक वर्षं घेते. तुलाही तिनंच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अपूर्णांक म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं तेव्हा.

तुझे व्हिडिओ मी काही पाहत नाही, वेळच मिळत नाही. पण क्लासची मुलं पाहतात, मग कानावर येतं. "गणितमावशी असं सांगते, गणितमावशी तसं सांगते." परवा एक मुलगा म्हणाला, "बाई, गणितमावशी तर फंक्शनसाठी खोकं वापरते." मी म्हटलं, वापरू दे, माझ्याकडे फळा आहे. सगळे हसले. का हसले, मला कळलं नाही.

आधी तू मुंगीची एकटीची मावशी होतीस, आता साऱ्या जगाची झालीस. चांगलंच आहे.

या आठवड्यात मोठ्या मुलांना मी रेंज शिकवतेय. माझी पद्धत तुला आठवते ना? उभी रेघ मारायची. डावीकडे इनपुट, उजवीकडे आउटपुट. डावीकडचा एकेक आकडा नियमात घालायचा, जे बाहेर येईल ते त्याच्यासमोर मांडायचं. शेवटी उजवा रकाना वाचायचा, दोनदा आलेला आकडा एकदाच घ्यायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा. झाली रेंज. खोकं नाही, पुठ्ठा नाही, नाचगाणं नाही. आणि सगळ्यांत आधी काय, तर कोणते इनपुट दिलेत ते पाहायचं, मग तोंड उघडायचं. हे मी वर्गात इतक्यांदा म्हणते की हल्ली मुलं माझ्याआधी म्हणतात.

तर मुंगीचं यंदा जमेल असं दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. पत्राच्या शेवटी तू आणखी एक ओळ लिहिली आहेस, ती घाईत माझी नीट वाचायची राहिली.

कळावे,
ताई


शनिवार, १४ मार्च

प्रिय छोटे,

इतक्या लवकर उत्तर? तुला कामंधामं नाहीत का गं? मळमळीवर गोळी मिळते हे मलाही माहीत आहे. आणि घडीचा पलंग आणलास म्हणे! मी हो म्हणायच्या आधीच आणलास. कमाल आहे बाई तुझी.

ह्या खेपेला तुझं पत्र मुंगीच्याच हाती पडलं, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. काल मी भांडी विसळत होते, तर मागे येऊन उभी.

"आई, मी जाऊ?"

"अभ्यासाला बस."

"परीक्षा संपली, आई."

"मग पुढच्या वर्षीच्या अभ्यासाला बस."

"त्यासाठीच तर जायचंय."

बघ. मुद्द्याला मुद्दा लावायचा माझ्याकडूनच शिकली आणि माझ्यावरच चालवते.

बरं, एक गोष्ट सहज आठवली म्हणून लिहिते. परवा कुणाच्या तरी मोबाइलवर तुझा तो रेंजचा व्हिडिओ दिसला. तू फळ्यावर लिहिलंस, एक्सचा वर्ग अधिक एक. मग खोक्यात कार्डं घातलीस: उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन. पलीकडून बाहेर आली पाच, दोन, एक, दोन, पाच. जी दोनदा आली ती एकदाच घेतलीस आणि लिहिलंस, रेंज एक, दोन, पाच. पाच आत, तीन बाहेर, आणि टाळ्या वाजवल्यास. आता मला सांग, तो तक्ता कुणाचा? ती उभी रेघ कुणाची? रेघेच्या डोक्यावर तू छोटीशी आडवी दांडी देतेस, तीसुद्धा माझी. नाव घ्यायला तोंड दुखलं असतं का?

असो. मला त्याचं काही नाही. पण त्या व्हिडिओखाली कुणी 'एक जाणकार' म्हणून आहेत, त्यांनी मोठा नेमका मुद्दा लिहिलाय. ते म्हणतात, या फंक्शनची रेंज तीनच आकड्यांची कशी? अर्धा घाला, सव्वा येईल. तीन घाला, दहा येतील. एक आणि एकच्या वरचे सगळे आकडे रेंजमध्ये बसतात. पाच आकडे घालून थांबायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, ह्यानं विद्यार्थ्यांची गफलत होते.

मुद्दा बिनतोड आहे, छोटे. मी त्या गृहस्थांना ओळखत नाही, पण त्यांना गणित येतं हे दिसतंच. आणि खाली पोरंटोरं त्यांना काय वाट्टेल ते लिहितात! "आजोबा, झोपा आता." "आजोबा, आधी आवाज चालू करा." मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत झाली? तूही उत्तर दिलंस, "धन्यवाद. सगळे आकडे घालता आले असते तर तुमचंच बरोबर होतं. असंच लक्ष ठेवा." असते तर म्हणजे काय? आणि पुढे ते हसरं तोंड कशाला काढलंस? त्या माणसाला किती लागलं असेल. (इथे खाडाखोड झाली आहे, तिकडे बघू नकोस.)

मुंगीच्या बाबांना विचारलं तर म्हणाले, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, जाऊ दे की. पहिल्या पत्रातली ती शेवटची ओळ मी त्यांना दाखवलेली नाही. हो, वाचली मी. पहिल्याच दिवशी वाचली. "आवडलं तर पुढची दोन वर्षं माझ्याकडेच राहू दे, इथलं कॉलेज चांगलं आहे." किती सहज लिहून मोकळी झालीस गं! जशी काही तुझ्याकडे आमची छत्री राहिली आहे आणि राहिली तर राहू दे.

मुंगी येणार नाही. पलंग परत कर.

तुझी ताई,
बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग


रविवार, २९ मार्च

छोटे,

तो जाणकार मी.

तू ओळखलंच होतंस. "असंच लक्ष ठेवा" असं उगाच कुणी परक्या आजोबांना लिहीत नाही. माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर पाठवलं नाहीस, तेव्हाच समजले. हसत असशील एकटीच. हस.

आता सगळं सांगते, मधे थांबवू नकोस. व्हिडिओ 'कुणाच्या तरी मोबाइलवर' वगैरे काही दिसला नव्हता. मी तुझे सगळे व्हिडिओ पाहते. एकूण एक. दुपारी जेवणं आटोपली की क्लासच्या खोलीत दार लोटून बसते आणि पाहते, आणि आवाज बंद ठेवून पाहते. कारण पलीकडच्या खोलीत मुंगी असते, आणि मी तुझं काही पाहते हे तिला कळायला नको. आणि दुसरं म्हणजे तुझा आवाजच मला घरात नको असतो. तीही तुझे व्हिडिओ पाहते, तेव्हा हसते. मी दाराआडून ऐकलंय. फंक्शन शिकताना खदाखदा हसते गं! त्यात हसण्यासारखं काय असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जळते मी तुझ्यावर. घे, लिहिलं एकदाचं. गणित मला तुझ्यापेक्षा जास्त येतं, आणि हे तुलाही माहीत आहे. पण तुला मुलं येतात. माझ्या क्लासमधली मुलं माझ्याकडे गणितं सोडवतात आणि प्रेम मात्र तुझ्यावर करतात. तेही मी गिळलं असतं. शेजारच्यांची पोरं आहेत, कुणावरही करोत. पण घरातलीही? माझ्याच ताटात जेवून, माझ्याच पलंगावर लोळून, तोंडात मात्र सतत मावशी? "मावशी म्हणते गणित म्हणजे कोडं." मी म्हणत होते तेव्हा ते काय होतं, शिक्षा?

तर गुरुवारी मुंगी तिचा टॅब घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा अगदी गंभीर.

"आई, 'गफलत' हा शब्द तुझ्याशिवाय आणखी कोण वापरतं?"

"पुष्कळ लोक वापरतात."

"आणि 'अर्धा घाला, सव्वा येईल'? हे उदाहरण तू परवाच फळ्यावर घेतलंस."

मी गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला. तिनं माझा हात धरला, क्लासच्या खोलीत नेऊन सतरंजीवर बसवलं, जिथे मुलं बसतात तिथे, आणि तुझा व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आवाज होता तेवढा मोठा केला.

मग ऐकलं. "आज ह्या खोक्याला फक्त ही पाच कार्डं चालतात. सहावं आत जाणार नाही. मग बाहेर काय काय येईल, ते बघू." स्पष्ट म्हणालीस. दोनदा म्हणालीस. इनपुट पाचच, तर रेंज तीनच. तुझं अगदी बरोबर, आणि माझं तिथे गैरलागू. कोणते इनपुट दिलेत ते आधी पाहा, मग तोंड उघडा. अख्खा वर्ग पाठ म्हणतो, आणि बाईंनी नेमकं तेवढंच केलं नाही. साऱ्या जगापुढे तोंडावर आपटल्या. तेही आजोबा होऊन.

आणि त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, तू आणखी काही म्हणाली होतीस. "हा तक्ता माझ्या ताईचा आहे. ती पट्टी घेऊन बसायची आणि मी मुळूमुळू रडायचे. पण तिनं आखून दिलेली ही रेघ मला आजवर पुरली. तिच्याइतकं गणित मला अजूनही येत नाही."

आता तुला वाटेल, हे ऐकून ताई विरघळली. छे! आणखी जळले. अगं, गणितात मी पुढे, एवढं एकच माझ्याकडे उरलं होतं. ते मनातल्या मनात धरून मी बसले होते, आणि तू ते हसत हसत सगळ्यांना वाटून टाकलंस. मोठ्या मनाच्या बाबतीतही तूच वरचढ? मग मी जायचं कुठे? आणि पट्टी मी तुला कधी मारली नव्हती, फक्त टेबलावर आपटायचे. हेही सांगायला हवं होतंस.

मला वाटलं, मुंगी आता हसेल. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खडू घेतला आणि फळ्यावर उभी रेघ मारली. वर आडवी दांडी. डावीकडे लिहीत गेली, एकाखाली एक:

सत्त्याण्णव मिळाले.
एकाहत्तर मिळाले.
ताप आलाय.
मैत्रीण बोलत नाही.
मला मावशीकडे जायचंय.

मग उजवीकडे, पाचांच्याही समोर, एकच: अभ्यासाला बस. पाच वेळा लिहिलं. अक्षर माझ्यासारखंच आहे तिचं, किंचित डावीकडे कललेलं.

"आई, रेंज काढ."

मी उभी राहिले. खरं सांगते छोटे, मी चूक शोधायला लागले. इतक्या वर्षांची खोड आहे, फळ्यावर काही दिसलं की चूक शोधायची. म्हटलं, "तापाचं खोटं आहे. तू आजारी होतीस तेव्हा मी सबंध दिवस तुझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होते."

"हो. आणि पट्टी बदलताना काय म्हणत होतीस?"

आठवलं. सतराचा पाढा म्हण, झोप लागेल.

"हे घे," म्हणून तिनं माझ्यापुढे खडू धरला. आणि मी, तिची आई, बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग, फळ्यावर लिहिलं. दोनदा आलेलं एकदाच घ्यायचं. पाचदा आलेलंही एकदाच. पाच आत, एक बाहेर. एवढीच माझी रेंज. काहीही घाला.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तेवढ्यानं तिचा चेहराच पडला. भांडायला कंबर कसून आली होती ना. "मला वाटलं, तू चूक काढशील," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "शोधली गं. सापडली नाही." मग मीही रडले. दोघी रडत बसलो सतरंजीवर, आणि तेवढ्यात संध्याकाळची बॅच दारात. "बाई, आज सुट्टी का?" मी म्हटलं, "हो, पळा." टोळकं असं पळालं की चपला पायात घालायलाही थांबलं नाही.

मग ती हळूहळू बोलायला लागली. मला वाटलं होतं तू तिला खोकी आणि टाळ्या देतेस. तर म्हणते, मावशीला सत्त्याण्णव सांगितले की ती फोनवरच ओरडते, आणि एकाहत्तर सांगितले की विचारते, जेवलीस का. म्हणजे तुम्ही दोघी फोनवरही बोलता. मला माहीत नव्हतं. आणि मैत्रीण रुसल्याचं तुला सगळं माहीत आहे, कोण, का, कधीपासून. मला त्या मैत्रिणीचं नावही नीट माहीत नाही. इथे मला इतकं झोंबलं की उठून तुझा पलंग भिरकावून द्यावा असं वाटलं, तो तुझ्या घरी आहे तरीही.

ती डोळे पुसत म्हणाली, "मला तू नकोशी झालीस म्हणून नाही जायचं, आई." ऐकायला बरं वाटलं. पण तेवढंसं खरं नसावं. थोडीशी नकोशी झालेच असेन.

"जा," मी म्हटलं.

"काय?"

"जा म्हटलं. मावशीकडे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली, शेवटच्या ओळीतलं 'अभ्यासाला बस' तळव्यानं पुसलं आणि तिथे लिहिलं, 'जा'. म्हणाली, "आता रेंजमध्ये दोन झाले." मी सवयीनं म्हणून गेले, "मग लहान आधी लिही." आणि ती हसली. तुझ्या व्हिडिओवर हसते तशी, खदाखदा. माझ्यावर हसली, पण माझ्यासमोर हसली.

तर येत्या शनिवारी सकाळच्या बसनं मुंगी येतेय. खिडकीची जागा घेतली आहे, गोळी दिलेली असेल. सोबत तिचे बाबा आहेत, त्यांना रात्री ठेवून घेऊ नकोस, तुझ्याकडचा चहा त्यांना फार आवडतो. मुंगी झोपेत लाथा मारते, तेव्हा पलंग भिंतीला लाव. भूक नाही म्हणाली की तिला भूक असते. चिडली की फार बोलते आणि दुखावली की अजिबात बोलत नाही. मी या दोन्हींत वर्षानुवर्षं गोंधळ केला, तू करू नकोस.

तिला गणित तुझ्याच पद्धतीनं शिकव. खोकं, टाळ्या, काय ते सगळं. मी मधे तोंड घालणार नाही. जाणकारांनाही सांगून ठेवलंय.

बसमध्ये बसवताना मी तिच्याशी काहीतरी चांगलं बोलणार आहे. काय, ते अजून सुचलेलं नाही. अजून पाच दिवस आहेत हाताशी. आरशासमोर करून पाहिलं, तर "नीट राहा, गफलत नको" एवढंच आलं.

शेवटचं. तुझी ती दोन वर्षांची ओळ मी यांना दाखवली, मुंगीलाही दाखवली. म्हटलं, तुझं तू ठरव. तिनं ती ओळ दोनदा वाचली, म्हणजे विचार करतेय. दोन महिन्यांनी ती जर म्हणाली, मावशी, मी इथेच राहते, तर तिला समजावू नकोस. माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस. तुझ्या तोंडून माझं कौतुक ऐकून ती परत आली, तर ते मला आयुष्यभर सलत राहील. राहू दे तिला. फक्त तेवढं मला फोनवर सांगू नकोस, छोटे. पत्र पाठव. फोनवर लगेच "बरं झालं" म्हणावं लागतं. ते म्हणायला मला काही दिवस लागतील.

तुझी जळकुकडी,
ताई